वाचून होईल तेवढंच मागवा

एखादी संस्था, कंपनी किंवा विद्यापीठ आपल्या संकेतस्थळासाठी हजार-दोन हजार लेख बाहेरून लिहून घ्यायचं ठरवतं, तेव्हा त्यावरचा वाद लगेच दोन तटांवर जाऊन बसतो. एक तट म्हणतो, असं घाऊक लिहून घेणं ही वाचकाची फसवणूक आहे. ज्याला विषय कळतो त्यानेच लिहावं, नाहीतर लिहूच नये. दुसरा तट म्हणतो, हा भाबडेपणा झाला. पानं जितकी जास्त तितके सर्चमधून येणारे लोक जास्त, तेव्हा कीवर्डची, म्हणजे लोक सर्चमध्ये टाकतात त्या शब्दांची, यादी करा, शब्दामागे दर ठरवा, एजन्सीला द्या आणि मोकळे व्हा. गेल्या काही वर्षांत या भांडणात लिहिणाऱ्या यंत्रांची भर पडली आणि आता सगळी चर्चा ‘माणसाने लिहिलं की एआयने’ इथेच अडकून पडली आहे. या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना मी काम केलं आहे. शब्दामागे पैसे घेऊन लिहिलं आहे, आणि पुढे बाहेरून आलेले लेख तपासलेही आहेत. माझ्या मते दोन्ही तट मुद्दा सोडून भांडत आहेत. लेख कोणी लिहिला हे नंतर पाहता येईल. प्रसिद्ध होण्याआधी विषय जाणणाऱ्या कोणी तो आपल्या नावाच्या जबाबदारीवर पूर्ण वाचला का, हे आधी विचारायला हवं. हे मान्य केलं की पुढची गोष्ट आपोआप ठरते: बाहेरून किती मागवायचं हे तिजोरीत किती आहे यावर ठरवू नये. घरातल्या जाणत्या माणसाला नीट किती वाचून होतं, तेवढंच मागवावं.

हिशेब मांडून पाहू. समजा दोन हजार लेख हवेत, प्रत्येकी 1,200 शब्दांचे. म्हणजे 24 लाख शब्द. वीस लेखकांनी रोज एकेक लेख दिला तर कामाच्या 100 दिवसांत लेखन संपतं. आता तपासणीकडे या. लेख एकदा सलग वाचायचा, त्यातले आकडे, नावं, नियम मूळ जागी जाऊन पडताळायचे, शंका लिहून परत पाठवायच्या, दुरुस्त होऊन आलेला मजकूर पुन्हा पाहायचा. एका लेखाला दीड तास धरला तर दिवसाला पाच लेख. दोन हजारांना 400 दिवस. सुट्ट्या वगळल्या तर हे दीड वर्षाच्या वर जातं, तेही त्या माणसाला दुसरं काहीच काम नसेल तर. कोणी वेगाने वाचतो, कोणाला दोन माणसं मिळतात, आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण आजवर माझ्या नजरेखालून गेलेल्या एकाही योजनेत हे 400 दिवस धरलेलेच नव्हते. लेखनासाठी तरतूद, मांडणीसाठी तरतूद, चित्रांसाठी तरतूद, आणि तपासणीच्या रकान्यात फक्त ‘अंतर्गत’ असा एक शब्द. प्रत्यक्षात त्या शब्दाचा अर्थ असा होतो की आधीच दिवसभराच्या कामाने दमलेला कोणीतरी संध्याकाळी पन्नास फायली उघडतो, शीर्षकं आणि पहिले परिच्छेद पाहतो आणि ‘ओके’ लिहून पाठवतो. लेखनाला यंत्र जुंपलं तर 100 दिवसांचे दोन दिवस होतील. तपासणीचे 400 दिवस तसेच राहतील, किंबहुना वाढतील. कच्च्या लेखकाची चूक बहुतेकदा त्याच्या अडखळत्या वाक्यातच दिसते. यंत्राचं चुकीचं वाक्य बरोबर वाक्याइतकंच सफाईदार असतं, त्यामुळे प्रत्येक विधानावर थांबावं लागतं.

पहिल्या तटाचं म्हणणं मी हलकं मानत नाही. लिहिताना माणूस विचार करतो, आपल्याला काय कळलेलं नाही हे त्याला कागदावर उतरवतानाच कळतं. ज्याने तो विषय कधी हाताळलेला नाही असा लेखक बहुधा काय करतो? सर्चमध्ये वर येणारी दहा पानं वाचतो आणि अकरावं पान तयार करतो. त्या दहांत एक चूक असेल तर ती अकराव्यात येते, आणि दहांनी जे सांगितलेलं नाही ते अकराव्यातही नसतं. पाठदुखीवरचे लेख पाहा. बसण्याची पद्धत, व्यायाम, शेक, गादी कशी असावी, हे सगळीकडे सापडतं. पण पाठदुखीबरोबर मांड्यांच्या मधला भाग बधिर होऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठलं पाहिजे, कारण मणक्याच्या तळाशी मज्जातंतू दाबले जात असण्याची शक्यता असते, हे वाक्य लेखात पहिल्या परिच्छेदात असावं असं कोणाला सुचेल? ज्याने असे रुग्ण पाहिले आहेत त्याला. कीवर्डच्या यादीवरून लिहिणाऱ्याला ते सुचणार नाही, कारण त्या यादीत ते नसतं. इथवर पहिला तट बरोबर आहे.

पण त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. तो रुग्णालयातला डॉक्टर लिहीत नाही. त्याला वेळ नसतो, आणि लिहिलं तरी अनेकदा सहकाऱ्यांना कळेल अशा भाषेत लिहितो. भूजलाचा अभ्यासक, कर सल्लागार, यंत्रांची दुरुस्ती करणारा कसबी माणूस, सगळ्यांची तीच गत. ‘ज्याला कळतं त्यानेच लिहावं’ हा नियम काटेकोर पाळला तर त्यांच्याकडचं ज्ञान त्यांच्याजवळच राहील आणि वाचकाच्या वाट्याला काहीच येणार नाही. याउलट चांगला भाडोत्री लेखक (मी हा शब्द कमीपणाने वापरत नाही) त्या माणसासमोर तासभर बसतो, मूर्ख वाटतील असे प्रश्न विचारतो आणि उत्तरं वाचकाच्या क्रमाने लावतो. गेल्या आठवड्यापर्यंत तो स्वतः अजाण असल्यामुळे वाचक कुठे अडखळेल हे तज्ज्ञापेक्षा त्याला जास्त नेमकं ठाऊक असतं. हे कौशल्य स्वतंत्र आहे आणि ते विकत घेण्यात गैर काहीच नाही.

तसं पाहिलं तर ज्ञानाची मोठी कामं अनेक हातांनीच झाली आहेत. दिदेरो आणि दालांबेर यांच्या फ्रेंच विश्वकोशाचा पहिला खंड 1751 मध्ये निघाला. मजकुराचे 17 खंड होईपर्यंत त्यात शंभराहून अधिक जणांनी लिहिलं. त्यांतल्या शव्हालिए द जोकूर या एकट्याने सुमारे 17,000 नोंदी केल्या, त्याही पदरच्या पैशाने लेखनिक ठेवून. घाऊक लेखनाचा याहून मोठा दाखला कुठला असेल? डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 1920 च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 खंड तडीस नेले, तेही एकट्याने लिहून नाही. त्यांनी त्यासाठी भागभांडवल गोळा करून कंपनी उभी केली, माणसं नेमली, कामं वाटली. म्हणजे ‘लेखन वाटून द्यायचं म्हणजे दर्जा गेलाच’ हे विधान इतिहासात टिकत नाही. मात्र या कामांमध्ये एक गोष्ट समान दिसते. जोकूरच्या नोंदीखाली ‘डी. जे.’ ही त्याची खूण असे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली उभ्या राहिलेल्या मराठी विश्वकोशात आजही नोंदीखाली लेखकाचं नाव वाचता येतं. काम वाटलेलं होतं, पण कुठलं वाक्य कोणाच्या पदरात टाकायचं हे लपवलेलं नव्हतं, आणि सगळं वाचणारा संपादक जागेवर होता.

काम वाटून देताना सूचना कशा द्यायच्या, ज्याला आज ‘ब्रीफ’ म्हणतात, यावर एक जुनं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशासाठी शेकडो स्वयंसेवी वाचक पुस्तकं वाचून, शब्द कुठे कसा वापरला आहे ते चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवत. जेम्स मरे 1879 मध्ये संपादक झाले तेव्हा आधीच्या वीसेक वर्षांच्या चिठ्ठ्यांचे ढीग त्यांच्या हाती आले. पाहतात तर काय, ‘अब्यूजन’ या विरळ शब्दाची सुमारे पन्नास अवतरणं, आणि ‘अब्यूज’ या रोजच्या शब्दाची पाचही नाहीत. वाचक आळशी होते का? अजिबात नाही. त्यांना सांगितलंच तसं होतं: विरळ, वेगळे वाटणारे शब्द टिपा. त्यांनी प्रामाणिकपणे तेच केलं. दोष सूचनेत होता. मरे यांनी वाचकांना नवं आवाहन केलं तेव्हा त्यात साध्या शब्दांचीही, अर्थ स्पष्ट करणारी, जमतील तितकी अवतरणं पाठवा असं मुद्दाम घातलं. आणि त्या कामाचं वेळापत्रक? दहा वर्षांत संपेल असा अंदाज होता. 1884 मध्ये पहिला भाग निघाला तो ‘ए’ या पहिल्याच अक्षरातल्या ‘अँट’ या शब्दापर्यंत पोचला होता. शेवटचा भाग निघाला 1928 मध्ये, मरे यांच्या मृत्यूनंतर 13 वर्षांनी. चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांची संख्या वाढवून हे काम लवकर संपलं नसतं, कारण वेळ जात होता तो आलेल्या चिठ्ठ्या वाचून, तोलून, लावण्यात.

आजच्या ब्रीफमध्ये काय असतं? शीर्षक, मुख्य कीवर्ड, तो किती वेळा यावा, उपशीर्षकं किती, शब्द किती, ‘मैत्रीपूर्ण पण व्यावसायिक’ असा सूर, आणि तीन स्पर्धकांचे दुवे. या कागदावरून लेखक दुसरं काय देणार? ‘अब्यूजन’च देणार. लेखकाला खरं तर वेगळ्याच गोष्टी हव्या असतात. हे पान उघडणारा माणूस कोणत्या अडचणीत आहे, त्याला आधीपासून काय माहीत आहे, वाचून झाल्यावर तो काय करेल, काय चुकलं तर त्याचं नुकसान होईल, कोणत्या विधानाला मूळ आधार लागेलच, आणि शंका आली तर फोन कोणाला करायचा. असा एक कागद नीट तयार करायला विषय कळणाऱ्या माणसाचा अर्धा तास जातो. दोन हजार लेखांचे म्हणजे हजार तास. हा हिशेब समोर आला की बहुतेक योजना दोन हजारांवरून दोनशेवर येतात, आणि मला ते चांगलं लक्षण वाटतं. त्या दोनशेंतही मी सगळ्यात आधी ग्राहकांच्या फोनवर, पत्रांत, समोरासमोर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न घेईन. ते संस्थेच्या दारात रोज येत असतात. त्यांची नोंद ठेवणारा माणूस बहुधा योजनेच्या बैठकीला बोलावलेलाच नसतो.

आता दुसऱ्या तटाचा सर्वांत भक्कम मुद्दा. ते म्हणतात, लोकांचे प्रश्न अगणित आणि बारीक असतात; प्रत्येक बारीक प्रश्नाला स्वतंत्र पान असेल तर कोणा ना कोणाला ते उपयोगी पडतंच. हे खरं आहे. एखाद्या जुन्या यंत्राच्या विशिष्ट बिघाडावरचं पान वर्षाला चाळीस लोक वाचत असतील, पण त्या चाळिसांना दुसरीकडे कुठेही उत्तर मिळालेलं नसतं. संख्येला स्वतःचं मोल आहे हे मी मान्य करतो. पण संख्या हेच ध्येय धरलं की काय होतं हे एकदा मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेलं आहे. ईहाऊ हे संकेतस्थळ चालवणारी डिमांड मीडिया ही कंपनी लोक काय शोधतात आणि त्यावर जाहिरातीचे किती पैसे मिळतील याच्या गणितावरून शीर्षकं काढत असे आणि ती बाहेरच्या लेखकांना वाटत असे, लेखामागे साधारण 15 डॉलर देऊन. जानेवारी 2011 मध्ये कंपनी न्यूयॉर्क शेअर बाजारात उतरली. पुढच्याच महिन्यात गूगलने उथळ पानं खाली ढकलणारा बदल आणला, ज्याला पुढे ‘पांडा’ हे नाव पडलं. त्याचा परिणाम अमेरिकेतल्या सुमारे 12 टक्के शोधांवर झाला. त्याच वर्षी ईहाऊलाही फटका बसला आणि कंपनीला आपलेच लेख मोठ्या संख्येने उतरवावे लागले. 2016 मध्ये तर तिने नावही बदललं. ते लेखक वाईट होते असं मी म्हणणार नाही. 15 डॉलरमध्ये कोणी कोणाला फोन करून विचारेल, कुठलं पुस्तक उघडेल?

इथे एक खुलासा करायला हवा. गूगलने शिक्षा केली म्हणून ते वाईट, असा माझा युक्तिवाद नाही. सर्च इंजिनंही चुकतात. 2023 च्या सप्टेंबरमधल्या बदलानंतर प्रामाणिकपणे चालवलेल्या अनेक लहान संकेतस्थळांचे वाचक एकाएकी आटले आणि त्यांच्या तक्रारींत तथ्य होतं. उद्या एखादं सर्च इंजिन उथळ पानांना डोक्यावर घेईल, म्हणून ती पानं चांगली ठरणार नाहीत. तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मार्च 2024 मध्ये गूगलने घाऊक मजकुराविरुद्धचा नियम नव्याने लिहिला तेव्हा मजकूर माणसाने केला की यंत्राने हा भेदच बाजूला ठेवला. वाचकाच्या उपयोगाचा नसलेला मजकूर केवळ क्रमवारीसाठी ढिगाने काढणं, यावर बोट ठेवलं. ज्या भेदावर आपल्याकडचे दोन तट हातघाईवर आले आहेत, तो तिथे निर्णायक मानलेला नाही.

यंत्राच्या बाबतीत सीनेटचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातला धडा बहुधा चुकीचा काढतात. 2022 च्या अखेरीस या नावाजलेल्या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने पैशांच्या विषयावरचे 77 लेख यंत्राच्या मदतीने काढले. जानेवारी 2023 मध्ये ते उघड झाल्यावर तपासणी झाली आणि 41 लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. चक्रवाढ व्याजावरच्या एका लेखात, 10,000 डॉलर 3 टक्क्यांनी ठेवले तर पहिल्या वर्षाअखेर 10,300 डॉलर कमाई होईल असं विधान होतं. कमाई 300 डॉलर होते; 10,300 ही मुद्दलासकट एकूण रक्कम. ‘बघा, यंत्र मूर्ख आहे’ म्हणून लोक हे सांगतात. पण संपादकांनी हे लेख तपासले आहेत असा खुलासा त्या लेखांबरोबर होता! शाळकरी मुलालाही खटकेल असं वाक्य त्या तपासणीतून सुटलं. यंत्राने काय लिहिलं याहून मला याची काळजी जास्त वाटते, कारण ते वाचणारा माणूस नावापुरता उरला होता. शब्द सफाईदार येऊ लागले की डोळा विश्वास टाकतो. हाच लेख घाईतल्या माणसाने लिहिला असता आणि तसाच वाचला गेला असता तरी चूक तशीच प्रसिद्ध झाली असती.

2023 च्याच नोव्हेंबरमध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या अमेरिकन क्रीडा नियतकालिकाच्या संकेतस्थळावर अस्तित्वात नसलेल्या लेखकांची नावं आणि यंत्राने बनवलेले त्यांचे चेहरे सापडले. प्रकाशक कंपनीने खुलासा केला की हा मजकूर बाहेरच्या पुरवठादाराकडून आला होता आणि माणसांनीच लिहिल्याचं त्या पुरवठादाराने सांगितलं होतं. ‘आम्हाला तसं सांगितलं गेलं’ हे वाक्य मी अनेक बैठकांत ऐकलं आहे. पूल बांधणाऱ्या खात्याने ‘सिमेंट चांगलं आहे असं कंत्राटदाराने सांगितलं होतं’ म्हटलं तर आपण ऐकून घेतो का? कंत्राट देणं चुकीचं नाही. नमुना न तपासता बिल मंजूर करणं चुकीचं आहे. आणि इथे तर तपासायचं होतं ते फक्त एवढंच की हा लेखक म्हणवणारा माणूस आहे तरी का.

जाणता वाचक मुळातच नसेल तर चांगल्या हेतूनेही काय अनर्थ होतो, हे स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाने दाखवलं. 2020 मध्ये लक्षात आलं की तिथले हजारो लेख एका अमेरिकन मुलाने वर्षानुवर्षं लिहिले होते, आणि त्याला ती भाषा येतच नव्हती. इंग्रजी वाक्यांत शब्दकोशातून काढलेले शब्द घालून तो लेख करत असे. त्याने कोणाकडून पैसे घेतले नव्हते, फसवण्याचा त्याचा हेतूही नव्हता. पण इतकी वर्षं ते लेख वाचून ‘ही आमची भाषा नव्हे’ असं ठामपणे म्हणणारं कोणी जागेवर नव्हतं. एका भाषेतलं संकेतस्थळ दहा भाषांत करायचं ठरतं तेव्हा मला दरवेळी हे आठवतं. नऊ भाषांतली अनुवादित पानं मागवणाऱ्यांपैकी कोणालाच वाचता येत नाहीत. पैसे शब्द मोजून दिले जातात, आणि शब्द मोजायला भाषा यावी लागत नाही. मराठीत अशी पानं आपण सगळे रोज वाचतो आणि दोन वाक्यांनंतर बंद करतो.

‘वाचकाला उत्तर हवं असतं, ते कोणी लिहिलं याच्याशी त्याला काय देणंघेणं?’ असाही एक प्रश्न विचारला जातो. प्रिंटर कसा चालू करायचा हे सांगणाऱ्या पानाला तो लागू पडतो. औषधाचा डोस, कर्जाच्या अटी, वारसाहक्क अशा पानांना लागू पडत नाही, कारण तिथे उत्तर बरोबर आहे की नाही हे वाचकाला स्वतःला तपासता येत नाही. तो सांगणाऱ्याच्या भरवशावर निर्णय घेतो. मग सांगणाऱ्याने आपला हात कुठवर आहे हे सांगायला नको? चित्रकार रूबेन्सची कार्यशाळा मोठी होती, शिष्य आणि सहकारी भरपूर काम करत. 1618 मध्ये त्याने डडली कार्लटन या इंग्रज राजदूताला विक्रीच्या चित्रांची यादी पाठवली, तीत प्रत्येक चित्रापुढे लिहिलं होतं की हे संपूर्ण माझ्या हातचं, हे शिष्याने केलं आणि मी त्यावर हात फिरवला. बेड्यांत जखडलेल्या प्रोमिथियसचं चित्र माझं, पण त्यातला गरुड स्नायडर्स या दुसऱ्या चित्रकाराचा, हेही त्याने लिहिलं. किंमत त्याप्रमाणे. चार शतकांपूर्वी एका व्यापारी पत्रात जी स्वच्छ माहिती मावली, ती एका लेखाखालच्या ओळीत मावू नये? ‘लेखन अमुक, तपासणी अमुक, शेवटची तपासणी अमुक तारखेला’ एवढंच लिहायचं. मोठ्या नावाखाली दुसऱ्याचं लेखन खपवण्यापेक्षा यात प्रतिष्ठा कमी होते असं मला वाटत नाही.

दराबद्दल मी जरा जास्त कळवळून बोलेन, कारण ते मी भोगलं आहे. शब्दामागे दर हा या व्यवहारातला सगळ्यात मोठा रोग आहे. तीनशे शब्दांत संपणाऱ्या उत्तराचे 1,200 करायचे, तर आधी ‘अमुक म्हणजे काय’, मग त्याचा इतिहास, मग महत्त्व, मग फायदे-तोटे, आणि शेवटी जे विचारलं होतं ते. मी असे लेख लिहिले आहेत. मजकूर फुगवताना मला कळत होतं की ज्याला तातडीने उत्तर हवं आहे त्याचा वेळ मी घेतो आहे, पण आटोपशीर लिहिलं तर माझेच पैसे कमी होणार होते. वाचकाच्या हिताचं काम केल्याबद्दल दंड बसेल असा करार कशाला करायचा? लांब लेख वर येतात, ही त्यामागची समजूत. ठरावीक शब्दसंख्या आम्हाला हवी असते असं समजू नका, हे गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्वतःच लिहून ठेवलं आहे. दर कामाचा असावा: माहितीसाठी एक मुलाखत, प्रत्येक आकड्याचा आधार, दोन वेळा दुरुस्ती, हे सगळं धरून एका लेखाचे इतके. ब्रीफ मागवणाऱ्याचंच चुकलं म्हणून लेख नाकारावा लागला, तरीही लेखकाला पैशांचा ठरलेला भाग द्यावा. आणि लेखनाचे हक्क कोणाकडे, नाव कोणाचं, पुढे मजकूर बदलला तर लेखकाला कळवायचं का, हे पहिल्याच दिवशी कागदावर यावं. स्वतंत्र लेखकाने लिहिलेल्या मजकुराचे हक्क लेखी करार नसेल तर अनेक देशांत त्याच्याकडेच राहतात, हे मागवणाऱ्यांच्या गावीही नसतं.

‘इतकं सगळं फक्त मोठ्यांना परवडेल’, असं मला नेहमी ऐकवलं जातं. मला उलटं दिसतं. लहान संस्थेत विषय जाणणारा माणूस मालकाच्या शेजारच्या टेबलावर असतो. त्याच्या आठवड्यातले चार तास काढून ठेवले तर वर्षाला शंभराहून अधिक लेख नीट वाचून होतात, आणि बहुतेक लहान संस्थांकडे सांगण्यासारखं तेवढंच असतं. न परवडणारी गोष्ट ती आहे जी हिशेबात धरली जात नाही: मागवलेलं पान एकदा विकत घेऊन संपत नाही. नियम बदलतात, दर बदलतात, औषधाबद्दल नवी सूचना येते, यंत्राचं नवं मॉडेल निघतं. दोन हजार पानं म्हणजे दोन हजार गोष्टी, ज्या कधी ना कधी जुन्या होऊन खोट्या ठरणार आणि तरी तुमच्याच नावाखाली दिसत राहणार.

ज्यांनी आधीच मागवून ठेवलं आहे त्यांनी नवी यादी करण्याआधी जुनी पानं वाचायला बसावं. आरोग्य, पैसा आणि कायदा यांवरची सगळ्यात आधी. अशा एका सफाईत मी होतो. निम्म्याहून जास्त पानं आम्ही उतरवली. काही चुकीची होती म्हणून, काही एकमेकांची नक्कल होती म्हणून, आणि बरीचशी एवढ्यासाठी की खोलीत बसलेल्यांपैकी एकालाही ती बरोबर आहेत की नाहीत हे सांगता येईना. उरलेल्या प्रत्येक पानाखाली आता तपासणाऱ्याचं नाव आहे आणि ते पुन्हा कधी वाचायचं ती तारीख. त्यातल्या पहिल्या पंचवीस तारखा पुढच्या महिन्यात येत आहेत.